मुका ट्रेनर

या खरेदीत धाकटीच्या पदरात पडण्यासारखी गोष्ट एकच होती, नवऱ्याचा उजवा गुडघा. ऑपरेशन झालं, टाके निघाले, सूजही ओसरली, पण गुडघा काटकोनापुढे वाकायला तयार होईना. पुढच्या तपासणीपर्यंत वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन तो जबरदस्तीने वाकवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणताना त्यांनी ओली फांदी मोडल्यासारखी हातांनी खूण केली, ती धाकटीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. उपाय साधा होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ सायकल चालवायची. तीही स्वतःचीच, कारण तिची सीट आणि पेडल त्याच्या मापाला बसलेली. आणि रस्त्यावर नव्हे, घरात. म्हणजे सायकल जागेवर धरून ठेवणारा ट्रेनर घेणं आलं.

गमावण्यासारखं मात्र बरंच होतं, आणि ते सगळं खालच्या मजल्यावर राहत होतं. खाली थोरली जाऊ, दीर, त्यांचा मुलगा आणि सून. सून इस्पितळात नर्स, कायमची रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायची ती संध्याकाळी उठायची, आणि तिची खोली नेमकी धाकटीच्या झोपायच्या खोलीखाली. मागे एकदा डोळ्यांवर झोप असताना तिचा हात चुकीच्या औषधाच्या बाटलीकडे गेला होता. शेजारच्या नर्सने मनगट धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून थोरली सुनेच्या झोपेवर पहारा देई. वर चमचा पडला तरी ती जिन्यात हजर. तिच्या चपलांचा आवाज चमच्यापेक्षा मोठा असे, पण ते तिला सांगणार कोण?

धाकटीचा नवरा रेडिओवर ध्वनिमुद्रण करायचा. घरात त्याला सगळे कानसेन म्हणत, अर्धं कौतुकाने, अर्धं वैतागून. शेजारच्या घड्याळाचा काटा अडखळतोय हे तो भिंतीपलीकडून सांगे. स्वतःच्या घरात काय चाललंय ते मात्र त्याला दोनदा सांगावं लागे.

दुकानात तीन तऱ्हेचे ट्रेनर होते. नुसते गोल रूळ, ज्यांवर सायकल मोकळी ठेवून तोल सांभाळायचा. ते गुडघ्याकडे बघून दुकानदारानेच बाजूला सारले. दुसऱ्यात मागचं टायर लोखंडी रुळावर घासत फिरायचं. तिसऱ्यात मागचं चाक काढून ठेवायचं आणि साखळी थेट यंत्राच्या दात्यांवर चढवायची. महाग तिसरा, म्हणून दुकानदाराचा जीव त्याच्यावर. तो स्वतः धापा टाकत दोन्ही चालवून दाखवत होता आणि कानसेन डोळे मिटून उभा होता. दुसरा भुंग्यासारखा गुणगुणला. तिसऱ्यातून फक्त साखळीची कुजबुज आली.

"हा मुका आहे," कानसेनने निकाल दिला.

घरी आल्यावर त्याने थोरलीलाही तीच हमी दिली. थोरली हमीवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिची अट होती की दुपारी सून झोपलेली असताना यंत्र चालवून दाखवा; ती चाळवली तर संध्याकाळच्या आत ते परत दुकानात. परत घ्यायला दुकानदार तयार होता, पण बदल्यात तो दुसराच देणार, भुंगा. म्हणजे दुपार हातची गेली की गुडघाही गेला, हे धाकटीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी दोघी जावा सुनेच्या खोलीत चोरपावलांनी शिरल्या. पडदे ओढलेले, सून भिंतीकडे तोंड करून झोपलेली. थोरली छताकडे मान वर करून अशी उभी राहिली, की जणू वरून कोणी तिला हाक मारणार होतं. वर झोपायच्या खोलीत कानसेनने पेडल मारायला सुरुवात केली. आवाज नाही. पंख्याची घरघर तेवढी. धाकटीने सुटकेचा श्वास घेतला आणि आधारासाठी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला.

कठडा थरथरत होता. मांजर मांडीवर घेतल्यावर लागते तशी बारीक, न थांबणारी घरघर तळव्याला लागत होती. पेडलचा वेग वाढला तशी ती वाढली. कानाला काहीच नाही. सगळं फरशीतून भिंतीत, भिंतीतून पलंगात उतरत होतं. कानसेनने यंत्र कानांनी निवडलं होतं, आणि झोपणारी माणसं हाडांनी ऐकतात हे त्याच्या कानांना कुठून कळणार?

धाकटीने हात काढून घेतला. बोलावं तर गुडघा, न बोलावं तर ती बाटली. तेवढ्यात सून कुशीवर वळली आणि तिने डोळे उघडले. चांगले टक्क. तिने काकूकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, थोरलीची अजून वरच असलेली मान पाहिली, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. शिवाय एक बारीक घोरणंही काढलं.

"बघ, कूससुद्धा धड बदलली नाही," थोरली दाराबाहेर आल्यावर म्हणाली. "माझं बोलणं खरं असतं तेव्हा मी मान्य करते, तुमचं असतं तेव्हाही करते." धाकटीने नुसती मान हलवली.

संध्याकाळी सून ड्यूटीला निघाली तशी धाकटीने तिला जिन्यात गाठलं. सून बुटाची नाडी बांधत होती.

"काकू, काकांचा गुडघा आधी वाकू द्या. अडकून बसलेले गुडघे मी रोज बघते. झोपेचं माझं मी बघेन."

"आणि बाटल्यांचं?"

सुनेने नाडी सोडून पुन्हा बांधली.

त्याच संध्याकाळी धाकटीने सायकल आणि ट्रेनर ओढत स्वयंपाकघरात नेले. खाली थोरलीचं स्वयंपाकघर होतं, तिथे कोणी झोपत नसे. कानसेन दुखावला, यंत्र परीक्षेत पास झालं होतं. त्याच्या कानांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. "एकटे चालवताना कुठे तोल गेला तर मला कळायचं कसं? माझ्या डोळ्यांसमोर चालवा," एवढंच म्हणाली, आणि तो लगेच विरघळला. दुसऱ्या दिवशी सून जिन्यात भेटली. तोंडावर गाढ झोपेचे, उशीचे वळ उमटले होते.

मग कांदा चिरताना कोपराला सायकलचं हॅण्डल लागू लागलं, आणि कणकेवर घामाचा थेंब पडू नये म्हणून परात कुशीत घेऊन कणीक मळावी लागली. थोरलीने नातेवाइकांत पसरवलं की या वयात हिला नवरा भाजी ढवळतानाही समोर लागतो. धाकटीने हसून घेतलं. खाली मात्र थोरलीच्या फळीवरचे स्टीलचे डबे दिवसातून तीनदा झिणझिणू लागले, आणि थोरलीने खापर फोडलं फ्रिजवर.

तपासणीत डॉक्टरांनी गुडघा वाकवला, आणखी वाकवला, आणि पुन्हा भूल द्यायची गरज नाही म्हणाले. दोघं घरी परतली तेव्हा थोरलीच्या दारात फ्रिजवाला उभा होता. फ्रिजला काहीही झालेलं नाही, असं तो दुसऱ्यांदा सांगत होता आणि येण्याजाण्याचे पैसे मागत होता. थोरलीकडे सुटे नव्हते.

धाकटीने पर्स उघडून दिले. नंतर थोरलीने ते परत द्यायला दोनदा वर माणूस पाठवला, पण धाकटीने काही घेतले नाहीत.