दसरूच्या गाडीचे दाते

सत्तावन्न सालच्या माघात लटारूच्या लॉरीच्या मागच्या एक्सलमधले दाते जंगलात मोडले. सागवान भरलेली गाडी नाल्यातून वर चढत होती. आत काहीतरी तडकलं, इंजिन नुसतंच फिरत राहिलं आणि चाकं जागची हलेनात. झाकण उघडलं तर तेलात दात्यांचे तुकडे पडले होते. लढाईनंतर लिलावात निघालेली ती मिलिटरीची गाडी. तिचे सुटे भाग नागपुरातही मिळत नव्हते.

तशीच दुसरी गाडी मात्र जवळच होती. लटारूच्याच लाकूड-ठेकेदाराची, चिचटोला गावाजवळच्या उताराखाली दगडांत उलटी पडलेली. ती चालवणारा दसरू हा लटारूचा जोडीदार. वर्षापूर्वी तो तिच्यातच गेला. मोहाची पिऊन चालवत होता, असं लोक म्हणत.

"त्या गाडीले हात नको लावू, लटारूभाऊ," बुधू म्हणाला. बुधू लाकडं भरायचा. त्याच जंगलातला माणूस. "त्याचं त्याच्यापाशी राहू दे."

"लोखंड आहे गा. त्याले काय समजते?"

दोन दिवस खपून दोघांनी त्या गाडीतून क्राऊन आणि पिनियन काढलं. क्राऊन म्हणजे चाकं फिरवणारी मोठी दातेरी थाळी, आणि पिनियन म्हणजे तिला फिरवणारं लहान दातेरी चाक. तिसऱ्या दिवशी लटारूनं ते आपल्या गाडीत बसवलं. मिस्त्री नव्हता, पण हे काम त्यानं पूर्वी केलं होतं.

सपाट रस्त्याला गाडी गुळगुळीत चालली. चढालाही काही नाही. चिचटोल्याचा उतार लागला, लटारूनं अॅक्सिलेटरवरचा पाय उचलला, आणि मागून आवाज उठला. बारीक सुरू झाला, वाढत गेला, घशातून निघाल्यासारखा. लांबून कोणी हाक मारावी आणि नाव मात्र कळू नये, तसा. पाय दाबला की थांबायचा. उचलला की पुन्हा.

शेजारी बसलेल्या बुधूनं दाराची कडी घट्ट धरली होती.

उतार संपतो तिथं चिचटोल्याचं पहिलं घर. ते दसरूची बायको धुरपता हिचं. ती हातात सूप घेऊन रस्त्यावर आली होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग लटारूकडं.

"तू होय?" ती म्हणाली. "मले वाटलं..." आणि तशीच आत गेली.

पुढचा आठवडाभर लटारू गाडीखालीच होता. तेल बदललं. चाकांची बेरिंगं काढून पाहिली, पुन्हा भरली. शाफ्टचे जोड आवळले. आवाज हलला नाही. भरणाऱ्या माणसांनी गाडीत बसणं सोडलं. उतार आला की बुधूसुद्धा खाली उतरायचा आणि पायवाटेनं चालत यायचा.

शेवटी लटारूनं गडचिरोलीच्या बाजारातून शेंदराची पुडी आणली.

"पूजा करून राह्यला का गा?" बुधूनं विचारलं.

"नाई. दात्याले दाता कुठी लागते, ते पाह्यचं आहे."

शेंदूर तेलात कालवून त्यानं दात्यांना लावला आणि चाक हातानं मागंपुढं फिरवलं. दात्याच्या पुढच्या अंगाला ठसा मधोमध उमटला. गाडी ओढताना तेच अंग लागतं. म्हणून तेव्हा आवाज नव्हता. मागचं अंग लागतं ते उतारावर, चाकं इंजिनाला ढकलू लागली की. तिथं ठसा पार बुडाशी सरकला होता, आणि त्या जागी एक चकचकीत खाच पडली होती. बोट फिरवलं तर नख अडकत होतं.

अशी खाच आठ दिवसांत पडत नाही. महिने लागतात.

लटारू गाडीखाली तसाच पडून राहिला. त्याला आठवलं. दसरूच्या गाडीत हेच दाते तीन वर्षांपूर्वी त्यानंच बसवले होते. पिनियनच्या बैठकीखाली पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्या घालतात, त्यातली एक गवतात पडली आणि सापडली नाही. एका पत्रीनं काय होते, म्हणून त्यानं झाकण लावून टाकलं होतं. पिनियन तेवढं आत गेलं, आणि दाते चुकीच्या जागी घासत राहिले.

दसरू कितीदा म्हणाला होता. "लटारू, गाडी उतारावर रडते गा. एकडाव उघडून पाह्य."

"आवाजानं गाडी मरत नाई," लटारू म्हणायचा. "चालव."

आता त्यानं पत्र्या कमीजास्त करून पाहिल्या. पण झिजलेला दाता पुन्हा भरून येत नाही. आवाज थोडा खाली बसला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो भरली गाडी घेऊन एकटाच निघाला. उतार लागला. आवाज उठला. आता त्यात शब्द होते. एकडाव उघडून पाह्य. एकडाव उघडून पाह्य. लटारूला ते ऐकवेना. कधी हात गिअरच्या दांडीवर गेला आणि त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

आवाज थांबला. एकदम शांत झालं. रस्त्यावर पडलेली सागाची पानं चाकांखाली चुरचुरत होती, तेवढंच ऐकू येत होतं. त्याला इतकं बरं वाटलं की क्षणभर त्यानं डोळे मिटले.

मग वारा तोंडावर जोरात लागू लागला.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी धरली, मग सुटली. जळका वास आला. दुसऱ्यांदा दाबला तर पेडल पार खाली गेलं. समोर वळण होतं. त्यानं इंजिन जोरात फिरवलं आणि दांडी दोन्ही हातांनी आत ढकलली. ती खरखरली, परत आली, पुन्हा ढकलल्यावर बसली. त्यासरशी मागून तोच आवाज फुटला, पूर्वी कधी नव्हता एवढा मोठा, आणि गाडी त्याच्या जोरावर हळू होत होत वळणाच्या दगडांना लागून थांबली.

खाली दसरूची गाडी होती, चाकं वर करून.

दसरूला बाहेर काढताना लटारूनं दांडी न्यूट्रलमध्ये पाहिली होती. आदळल्यानं निसटली असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

तो चालत खाली उतरला आणि धुरपताच्या दारात बसला. पत्री, खाच, आवाज टाळायला दसरूनंही टाकलेला न्यूट्रल, सगळं त्यानं सांगितलं. ती उभ्यानं ऐकत होती.

"म्हणजे तो प्याला नव्हता," ती म्हणाली.

"नाई, वयनी."

"मी साऱ्याइले सांगून राह्यली होती. सकाळी माझ्यासमोर जेवून गेला तो. कोणी आयकलं नाई."

"चूक माझी आहे."

"हो," धुरपता म्हणाली. "तुझीच आहे." मग तिनं विचारलं, "हे लोकाइपुढं सांगशीन?"

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली माणसं जमली होती, तिथं लटारूनं ते सांगितलं. म्हातारे मान खाली घालून ऐकत राहिले. एकजण म्हणाला, आता उकरून काय फायदा. दसरूच्या भावानं लटारूशी बोलणं टाकलं, ते कायमचंच.

मोहफुलं पडू लागली तेव्हा एका दुपारी धुरपता उताराच्या माथ्यावर टोपली घेऊन उभी दिसली. तिनं हात केला.

"मले खालपर्यंत ने."

ती लटारूशेजारी बसली. त्यानं पाय उचलला, आणि आवाज सुरू झाला. तिनं टोपली छातीशी धरली.

"त्याले असाच आयकू येत होता?"

"असाच. याच्याहून मोठा."

वळणावर तिनं खालच्या उलट्या गाडीकडं पाहिलं नाही. दांडीवरच्या लटारूच्या हाताकडं पाहत होती. घराशी गाडी थांबली तशी ती उतरली, पदर सारखा केला.

"हे असं रोज आयकावं लागते तुले?"

"रोज."

धुरपता टोपली डोक्यावर घेऊन आत गेली.

पुढं रस्ता सपाट होता आणि गाडी अगदी गप्प चालली होती. लटारू मात्र कान मागं लावून बसला होता.