पहिला दगड

कीर्तनाचा पूर्वरंग संपला, मालनने झांज खाली ठेवली. आता रीतीप्रमाणे मंडळाच्या अध्यक्षांनी बुक्का लावून हार घालायचा, मगच उत्तररंग. पण शरच्चंद्रअण्णा हार हातात धरून खांबासारखे उभे.

नायगावच्या चाळीतल्या मारुतीपुढे बाई गादीवर उभी राहण्याची ही पहिलीच खेप. मालन कीर्तन शिकली माहेरी, देवगडला, वडिलांच्या मागे टाळ धरून. सासरी नुसती ऐकत आली. ठरलेले बुवा आजारी पडले, तेव्हा पदर खोचून उभी राहिली. दृष्टान्त मात्र घेतला आफ्रिकेच्या रानातला, लेकीने मोबाइलवर दाखवलेला. तिथले चिंपांझी टणक कवचाची फळं दगडाने फोडतात. पोराला कोणी धडा देत नाही. ते आईपुढे बसून वर्षानुवर्षं बघतं, बोट चेचून घेतं आणि एक दिवस फोडतं! एका कळपात दगड, तर शेजारच्यात लाकडाचा ओंडका. सासरी आलेली मादी माहेरची सवय टाकून सासरची उचलते. यावर बायका खुदखुदल्या होत्या.

"मारुतीच्या देवळात माकडांच्या गोष्टी?" अण्णा गरजले.

"मग काय गणपतीच्या देवळात सांगू?"

हशा पिकला. अण्णा लालबुंद. "तूच म्हणालीस ना, सासरी आलेली सासरची रीत उचलते? मग उचल की! आमच्यात बाई गादीवर उभी राहत नाही. उतर खाली."

आपलाच दृष्टान्त मालनला टोचला. आज उतरली, तर या गादीवर पुन्हा उभं राहणं नाही. तिचं नाही, लेकीचंही नाही. तिने मारुतीरायाकडे पाहिलं.

"अण्णा, रीत आभाळातून पडत नाही. त्या कळपातही कोणीतरी पहिला दगड उचललाच असेल. तेव्हा तिथलेही अध्यक्ष असेच फुगून बसले असतील. मी नाही उतरत."

तिने झांज उचलली. बिनहाराचा उत्तररंग! राजाराम तबलजी अण्णांकडे बघत हात आखडून बसला. तरी मालनने सूर सोडला नाही.

तेवढ्यात दुर्गाआजी, चाळीतली सगळ्यात खाष्ट सासू, गुडघ्यावर हात टेकून उठली. तबकातला बुक्का तिने मालनच्या कपाळी लावला. "थांबा नको गो, फुडचा सांग."

तिचं बघून कौसल्या उठली. कौसल्येचं बघून तिची सून. मग रांगच लागली. मालनचं कपाळ काळंकुळकुळीत झालं आणि राजारामची थाप तबल्यावर पडली.

अण्णा हार घेऊन अजून तिथेच.

"बघत राहा अण्णा," मालन म्हणाली, "बघता बघताच येतं."