दुसऱ्याच्या पिठाचा रोट

लोटनने धुळ्यातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासवर बोर्ड टांगला होता : 'खान्देशचा स्वतःचा ब्राउझर. परदेशी कंपनीची गरज नाही.' बोर्ड खोटा होता.

खिडकी लोटनची होती, बटणं लोटनची. मागे जायच्या बटणावर अहिराणीत 'मांगे' लिहिलेलं. पण इंटरनेटवरचं पान आणून पडद्यावर मांडायचं खरं काम अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या ब्राउझरचं इंजिन करायचं. ते कॉम्प्युटरमध्ये आधीच असायचं. लोटनने वरून आपलं कातडं चढवलं, एवढंच. नव्याण्णव साली असे ब्राउझर निघतच होते, आणि त्यातल्या बऱ्याचशांच्या पोटात तेच इंजिन. कंपनी ते फुकट वाटायची. फुकट वाटणाऱ्याचा हात कायम वर असतो. हे आपल्याला निवडणुकीत कळत नाही, तिथे इंटरनेटचं काय कळणार!

शिंदखेड्याच्या एका कापसाच्या जिनिंग सोसायटीचे चेअरमन जीवराम नाना बोर्ड वाचूनच भुलले. सोमवारी ब्राउझर दाखवायचा, पसंत पडला की सोसायटीत बसवायचा, असं ठरलं. नाना त्याला चक्क 'लोटनसाहेब' म्हणाले. ते त्याच्या डोक्यात गेलं.

शनिवारी त्याने कंपनीच्या ब्राउझरची नवी सीडी मशीनवर चढवली आणि त्याच्या ब्राउझरची खिडकी पांढरीफटक पडली. डोकं आपटून जुनं इंजिन परत बसवलं, तेव्हा कुठे पान उघडलं.

तोंड पाडून घरी आला. दुसऱ्या दिवशी कानबाई देवीचा सण. आई, शेवंताबाई, नैवेद्याच्या रोटाचे गहू जात्यावर दळत होती.

"आई, कोपऱ्यावर गिरणी आहे ना!"

"गिरणीनं पीठ रोटले चालस नही. तठे कोनकोना दाना मिसयतस."

"मिसळला तर काय होतं?"

"काय व्हई? मंग त्याले पोयी म्हन. पोयी काय वाईट शे? बठ्ठास्ले खावाले देता येस. फक्त रोट म्हनीसन देवम्होरे ठेवू नको."

पोळी सगळ्यांना देता येते, फक्त तिला रोट म्हणायचं नाही, हे लोटन मनात घोळवत राहिला.

सोमवारी सोसायटीत ब्राउझर झकास चालला. संचालक पंडित आप्पा लहान पोरासारखे 'मांगे' दाबत होते. नाना खूश. "म्हणजे हे पूर्ण आपलं, बरोबर?"

लोटनला हो म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं.

"बटणं माझी, नाना. इंजिन कंपनीचं. त्यांनी बदललं की आपलं बंद. शनिवारी पडलंच होतं."

"मग बोर्डावर काय झक मारली?"

"मारली."

आप्पा खदखदून हसले. "नाना, बैल त्यांचा अन् झूल याची!"

"आणि त्यांनी बैल सोडून नेला तर?" नानांनी विचारलं.

"तर मी झूल घेऊन उभा. स्वतःचं इंजिन करायला त्यांच्याकडे शेकडो माणसं आहेत. इथे मी एकटा."

नाना खुर्चीतून उठले. "मी सभासदांना 'आपलं' म्हणून सांगून बसलोय. हे नाही जमायचं, लोटन." 'साहेब' गळून पडला होता.

"राहू द्या की," आप्पा म्हणाले, "बटणं वाचता तरी येतात राव." नानांनी ऐकलं नाही.

लोटन धुळ्याला परतला आणि शिडी लावून बोर्डावर चढला. दुसरी ओळ काळ्या रंगाने बुजवली. पहिलीही खोडून वर लिहिलं : 'खान्देशची स्वतःची बटणं. इंजिन कंपनीचं.'

समोरचा पानवाला झुलाल ओरडला, "काय रे, दिवाळं काढलं का?"

"नाही. पोळी लाटली," लोटन म्हणाला आणि उरलेल्या रंगाचा डबा झाकायला खाली उतरला.