दालचिनीचं तळं

आमच्या साप्ताहिकात ‘पाण्याकाठी’ हे सदर मी नऊ वर्षं लिहितोय. मासे धरायला कोणत्या तळ्यावर जावं, कोणत्या नदीवर बसावं, गळाला कोणतं आमिष लावावं, हे मी दर आठवड्याला ठामपणे सांगतो. गळ मात्र मी जन्मात हातात धरलेला नाही. आधीचे सदरलेखक निवृत्त झाले तेव्हा ‘तात्पुरतं बघा’ म्हणून हे माझ्या टेबलावर येऊन पडलं, आणि कचेरीतल्या तात्पुरत्या गोष्टींना मरण नसतं.

पहिलं वर्ष जुन्या अंकांवर निघालं. पुढे पदरचं घालावं लागलं. एकदा पानाच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या राहिल्या. शेजारच्या टेबलावर कोणीतरी दालचिनीचा चहा पीत होतं, म्हणून मोठ्या तळ्यासाठी मी ‘कणकेत दालचिनी मळून लावावी’ असं ठोकून दिलं. कोणाची तक्रार आली नाही, तेव्हा दरवर्षी तेच छापत गेलो.

गेल्या महिन्यात नवे संपादक आले. पाककृती लिहिणाऱ्या बाईंना त्यांनी सहज विचारलं, अंडं किती वेळ उकडावं. बाईंनी नणंदेला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बाईंचं टेबल रिकामं होतं. गुरुवारी संपादक माझ्या टेबलाशी थांबले. लहानपणापासून आपण गळ टाकतो, असं त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, “रविवारी मोठ्या तळ्यावर जाऊ. तुम्ही, मी आणि तुमची दालचिनी.”

घरी बायको म्हणाली, सरळ सांगून टाका. मी तिला अंड्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, निदान टोपी तरी घ्या, टोपीत माणूस माहीतगार वाटतो.

शनिवारी टोपी, गळाची काठी आणि गांडुळं आणायला गेलो. खरे मासे खरी गांडुळं खात असणार, एवढं मलाही कळत होतं. दुकानदारीण बाईंनी विचारलं, कुठे बसणार? मी तळ्याचं नाव सांगताच त्यांनी गांडुळांचा डबा परत फळीवर ठेवला.

“तिथे गांडुळं नेलीत तर हात हलवत परत याल. तिथल्या माशांना दालचिनीच लागते. एवढं तर सगळ्यांना माहीत आहे.”

कोणी सांगितलं, असं मी विचारलं. कुठल्याशा साप्ताहिकात येतं म्हणे. माझीच थाप फिरून माझ्याकडे आली होती, आणि ती थाप आहे हे सबंध गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी दोन्ही घेतलं. रात्रभर या कुशीवर गांडुळं आणि त्या कुशीवर दालचिनी.

सकाळी तळ्याकाठी बेकरीसारखा वास सुटला होता. ओळीने माणसं बसलेली आणि प्रत्येकाजवळ तपकिरी कणकेचा गोळा. संपादकांनी मात्र शांतपणे गांडूळ लावलं. “मी जुन्या वळणाचा माणूस,” ते म्हणाले. “तुम्ही तुमचं लावा.”

म्हणजे निवड माझ्या हातात राहिलीच नाही. गोळा दोनदा पाण्यात पडला. दीड तास मी गळाच्या दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बुचाकडे पाहत मनातल्या मनात राजीनामा लिहिला, त्यातल्या दोन चुकाही सुधारल्या. तिसरी शोधत असताना बूच बुडालं.

मासा हातभर होता. तो गळावरून कसा सोडवायचा हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी तसाच उभा राहिलो. संपादकांनीच तो सोडवला. त्यांच्या गळावरचं गांडूळ तोवर कोणी हुंगलंही नव्हतं.

आठ वर्षं रोज एवढी माणसं तळ्यात दालचिनी टाकताहेत म्हटल्यावर मासे दुसरं काय खाणार, हे मला तेव्हा कुठे उमगलं. संपादकांना नाही उमगलं. ते माशाकडे पाहत म्हणाले, “मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. आता दर रविवारी एकेक ठिकाण करू. पुढच्या खेपेला नदीचं वळण. तिथे कॉफीत भिजवलेला पाव, नाही का?”

कॉफीत भिजवलेला पाव मी तीन आठवड्यांपूर्वी लिहिला होता. टेबलावर कॉफी सांडली होती म्हणून.

सोमवारी कचेरीच्या आधी नदीच्या वळणावर उभा राहून मी दोन लाद्या पाव कॉफीत बुडवून पाण्यात सोडले. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, काय चाललंय?

“शिकवणी,” मी म्हणालो. “सहाच दिवस उरलेत.”