नगरसभेच्या घंटेचा न झालेला टोला

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे आणि या शहराचे भवितव्य माझ्या आवाजावर ठरते. रस्ते रुंद होतात, बागा अरुंद होतात, शाळेला छप्पर मिळते आणि छपराला गळती मिळते, ते सगळे माझ्या एका नादानंतर. हा इतिहास घडवणारा नाद कसा असेल, अशी उत्सुकता तुम्हाला लागली असेल. तो 'टिंग' असा आहे.

हॉटेलच्या काउंटरवर, डोक्यावरची कळ दाबली की वाजणारी पालथी पितळी वाटी असते ना, तीच मी. एका खोक्यात आम्ही बारा बहिणी होतो. कुणी दंतवैद्याकडे गेली, कुणी छायाचित्रकाराकडे. मी नगरसभेसमोरच्या हॉटेलात आले. 'चादर बदला' आणि 'पाणी गरम येत नाही' एवढीच माझी दुनिया होती. मग समोर नगरसभेचे नवे सभागृह उघडले. उद्घाटनाला लाकडी चौकटीतली मोठी घंटा यायची होती, ती वेळेवर आली नाही. शिपाई मामा तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. ते रस्ता ओलांडून आले, व्यवस्थापकाला म्हणाले, "तासाभरात आणून देतो," आणि मला खिशात घालून घेऊन गेले. त्या तासाला आता चौतीस वर्षे झाली.

सुरुवातीला नगरसभेत फार भांडणे होत. गटाराच्या एका झाकणावर तीन दिवस चर्चा चालली होती, आणि तेवढ्यात झाकणच चोरीला गेल्याने ती संपली. पुढे लोकांच्या लक्षात आले, की बहुतेक विषय नित्याचे असतात. दिवे दुरुस्त करा, फलक रंगवा, खड्डे बुजवा. असल्या विषयांचा एक गठ्ठा करायचा असे ठरले. अध्यक्ष गठ्ठ्याचे आकडे वाचतात, "कुणाचं काही?" म्हणून विचारतात, दोन श्वास थांबतात आणि माझ्या डोक्यावर तळवा मारतात. टोला पडेपर्यंत विषय खुला. टोला पडला की सहा महिने त्याचे नाव काढायचे नाही. नियमावलीत तसे छापलेलेच आहे.

त्या दोन श्वासांत कुणी कधीच काही बोलत नाही. म्हणून सभेत काय झाले याची नोंद, म्हणजे कार्यवृत्त, आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायची पद्धत पडली. यात कुणाचा कपट करायचा हेतू नव्हता. उद्याचे काम आजच झाले तर कुणाला नको असते?

ही नोंद टाइप करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. सभेत त्या अध्यक्षांच्या डाव्या हाताला, माझ्यापासून वीतभर अंतरावर बसतात. कर्मचाऱ्याने सभागृहात विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असा दुसरा नियम आहे. बावीस वर्षांत ताईंना सभागृहात फक्त एक प्रश्न विचारला गेला होता. "पेन आहे का?"

मित्रांनो, आता त्या सोमवारचे ऐका.

सभागृह रिकामे होते. ताईंच्या खोलीतला पंखा कागद उडवतो, म्हणून त्या टाइपाचे यंत्र घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या होत्या. 'विषय पाच ते एकोणतीस : एकमताने मंजूर' असे त्यांनी टाइप केले. मग एकेका विषयाला जोडपत्रे टाचायला घेतली. विषय एकवीस, बसथांब्यांचे सोयीनुसार स्थलांतर. खाली नऊ थांब्यांची यादी. चौथ्या ओळीवर त्यांचा हात थबकला. 'रुग्णालयाचे मागचे दार : रद्द. नवी जागा : सहापदरी रस्त्यापलीकडे, दुकानांच्या संकुलासमोर.'

त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडे त्यांचा थोरला भाऊ होता. दादाचा जन्म छापखान्यात यंत्रांच्या वरताण बोलण्यात गेलेला, त्यामुळे मलाही सगळे ऐकू आले.

"दादा, बसमधून उतरलास की आत पोचायला तुला किती पावलं लागतात?"

"अठरा. का गं?"

"आणि त्या दुकानांच्या संकुलापासून?"

"तिथून मी कशाला येऊ? पडदे घ्यायला?" दादा हसला. "अगं, आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घेतो मी. धुतल्यावर पिळून काढल्यासारखा होतो. अठरा पावलांत दोनदा खांब धरावा लागतो. झालं काय?"

"काही नाही. जेवलास का?"

फोन ठेवून ताई बराच वेळ स्वतःच टाइप केलेल्या त्या ओळीकडे बघत राहिल्या. 'एकमताने मंजूर.' अक्षरे सुबक आली होती.

तेवढ्यात मामा पॉलिशचा डबा घेऊन आले. उद्या दुसऱ्या शहराचे पाहुणे येणार होते. पंचवीस विषय एका मिनिटात कसे मार्गी लावतात, ते शिकायला. त्यासाठी बाकांना नव्या गाद्या बसवल्या होत्या आणि मला घासायचा हुकूम होता. खरे सांगते, चौतीस वर्षांत माझ्या वाट्याला कौतुक एकदाच आले. रौप्यमहोत्सवाला मला मखमलीवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मखमल परत गेली. एरवी माझा उपयोग कागद उडू नयेत म्हणून. त्यामुळे मामा मला घासू लागले तेव्हा मला भरून आले. त्यांनी पॉलिश सढळ हाताने वापरले. कळीच्या फटीतही बोटाने कोंबले.

मंगळवारी दुपारी अध्यक्ष आले. ताई उभ्या राहिल्या. "साहेब, एकवीस नंबरचा विषय तेवढा वेगळा घ्याल का?"

"ताई, नित्याचे विषय म्हणजे दात घासणं. एकेक दात वेगळा घासतं का कुणी?"

"जोडपत्र तरी बघा."

"पाहुण्यांसमोर? तुम्ही टाइप केलंय ना? मग झालं तर." अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त नेहमी पुढच्या ठिकाणी जायचे असे.

आता एकच आशा उरली होती, हरकतकाका. हे शेवटच्या रांगेतले सदस्य. तिथून सगळे सभागृह दिसते आणि त्यामुळे सगळ्यालाच हरकत घेता येते. एकदा त्यांनी शोकप्रस्तावालाही हरकत घेतली होती, पूर्वसूचना नव्हती म्हणून. ते आत आले तेव्हा गळ्याला मफलर होता आणि हातात पाटी. पाटीवर लिहिले होते, 'घशाची शस्त्रक्रिया. दहा दिवस बोलायला बंदी.'

ताईंचा चेहरा उतरला. "काका, आजच?"

काकांनी पाटी पुसून लिहिले, 'डॉक्टर सत्ताधारी पक्षाचा आहे.'

ताईंनी घाईघाईने चार ओळींची चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती वाचली, ताईंकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. मग ते आपल्या चौदाव्या रांगेत जाऊन बसले.

सभा सुरू झाली. पाहुणे समोर वह्या उघडून बसले होते. पहिले चार विषय सरले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "विषय पाच ते एकोणतीस. नित्याचे. कुणाचं काही?"

चौदाव्या रांगेत हात वर झाला. मला तो दिसला, ताईंना दिसला. अध्यक्षांना दिसला नाही, कारण हा प्रश्न विचारून ते सदस्यांकडे कधीच बघत नाहीत. माझ्याकडे बघतात. काकांनी बाकावर हात आपटला. बाकाला नवी गादी होती. काका उठले आणि चिठ्ठी उंच धरून चालू लागले. त्यांचे गुडघे त्यांच्या हरकतींइतके चपळ नाहीत.

पहिला श्वास झाला. काका बाराव्या रांगेशी होते. दुसरा श्वास झाला. ताईंच्या हातातली पेन्सिल मोडली. अध्यक्षांचा तळवा वर गेला. मित्रांनो, मी आयुष्यभर ज्याने दाबले त्याच्यासाठी वाजले. वाजण्यापूर्वी घंटेला कुणी विचारत नाही. तळवा खाली आला.

थप्.

एवढाच आवाज झाला. मी मुद्दाम केले असे समजू नका. मुद्दाम काही करायला माझ्यात जागाच नाही. फटीतले पॉलिश रात्रभरात वाळून घट्ट झाले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझी काळजी घेतली आणि त्यानेच माझी वाचा गेली.

अध्यक्षांनी पुन्हा दाबले. थप्. पाहुण्यांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिले.

"मामा, बघा हो काय झालंय ते." मामा धावत आले आणि टाचणीने माझी फट कोरू लागले. काका नवव्या रांगेत थांबून दम खात होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "असू दे, वाजली असं समजू. ताई, मंजूर म्हणून लिहा."

ताई उठून उभ्या राहिल्या. "काय लिहू साहेब?"

"मंजूर."

"टोला झाला नाही, साहेब. टोला होईपर्यंत विषय खुला. झालं तेवढंच मला लिहिता येतं."

ताईंच्या हाताखाली टाइप केलेला कागद होता. तो अध्यक्षांना दिसत होता. त्यावर काय आहे हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, मग ते काय आहे तुमच्या हाताखाली?"

"मोठ्यानं सांगू का, साहेब? पाहुण्यांनाही ऐकू जाईल असं?"

ताईंचा आवाज स्थिर होता. कागद मात्र त्यांनी तळव्याने घट्ट दाबून धरला होता. बावीस वर्षांची नोकरी त्या कागदाखाली होती. अध्यक्षांनी पाहुण्यांकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, आणि ते पाणी प्यायले. तेवढ्यात काका येऊन पोचले. त्यांनी चिठ्ठी अध्यक्षांसमोर ठेवली आणि पाटीवर खडूने लिहिले, 'हरकत. मोठ्याने वाचा.'

अध्यक्षांनी वाचले. विषय एकवीस, जोडपत्र, चौथी ओळ. वाचता वाचता त्यांचा वेग कमी झाला. "सहापदरी रस्त्यापलीकडे? सोयीनुसार म्हणजे कुणाच्या सोयीनुसार?"

मग डावीकडे वळून अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्हाला विचारतोय. तिथं उतरतं कोण?"

"डायलिसिसचे पेशंट, साहेब. सकाळच्या पाळीला वीस-बावीस. परतताना भिंत धरत येतात. रस्ता ओलांडायला तिथं भिंत नाही." मग त्या म्हणाल्या, "त्यातला एक माझा दादा आहे. म्हणून माझ्या लक्षात आलं. नाहीतर मीही टाचणी लावून मोकळी झाले असते."

अध्यक्षांनी तोंड उघडले. ते काय म्हणणार होते कोण जाणे, कारण नेमके तेव्हाच मामांची टाचणी आत सरकली आणि मी वाजले.

टिंग!

इतकी सुरेल मी आजवर कधी वाजले नव्हते. मामांच्या हातातली टाचणी पडली. पुढच्या रांगेतले एक सदस्य उठून म्हणाले, "टोला झाला! पाच ते एकोणतीस मंजूर! सहा महिने बंद!" ते वाहतूक विभागाचे काम बघत असत.

काकांनी पाटीवर काहीतरी इतक्या जोरात लिहिले, की खडू मोडला. काहीच वाचता येईना. अध्यक्ष नियमावलीची पाने उलटत होते. "ताई," ते शेवटी म्हणाले, "झालं ते लिहिणाऱ्या तुम्ही. काय झालं?"

"टोला अध्यक्षांनी द्यायचा असतो, साहेब. हा मामांनी दिला."

"मग?"

"मामा निवडून आलेले नाहीत."

सगळ्यात आधी हसले ते मामाच. "नाही हो साहेब, मला घरात कुणी मत देत नाही!" मग सभागृह हसले, पाहुणे हसले आणि शेवटी अध्यक्षही. पण हसता हसता त्यांनी त्या चौथ्या ओळीवर पेनाने काट मारली. "हा थांबा आहे तिथंच राहील. बाकीचे आठ कुठले आहेत, तेही वाचू. विषय पाचपासून घ्या, एकेक दात." त्या दिवशी सभा साडेसहाला संपली. पाहुण्यांना जे शिकायचे होते ते शिकता आले नाही.

रात्री ताईंनी टाइप केलेला कागद फाडला की नाही, ते मला माहीत नाही. त्यांनी जाताना माझ्यावर बोट ठेवले, दाबले नाही, आणि दिवा मालवला.

तर मित्रांनो, माझ्या आयुष्यातला मोठा क्षण म्हणजे मी वाजले नाही तो. वस्तूंची निगा राखा असे आम्ही म्हाताऱ्या वस्तू नेहमी सांगतो. मीही सांगते, पण मला घासण्यापेक्षा माझ्यावर हात मारण्यापूर्वी समोरच्यांकडे एकदा बघा. तेवढीच निगा मला पुरते.

दादा अजून अठरा पावले चालतो. मात्र मंजुरी येणारच, या खात्रीने बांधकाम विभागाने त्या मंगळवारी सकाळीच थांब्याचा खांब उपटून ठेवला होता. तो काल परत उभा केला. तुम्ही तिकडून गेलात तर कृपा करून त्याला टेकू नका. सिमेंट अजून ओले आहे.