रश्श्याला हात

आमच्या घरात देव नाही. आजोबांच्या वेळेपासूनच नाही. त्यामुळे भीती वाटली की हात जोडायला आमच्याकडे कुणी नसतं, मग आई भांडी घासते. त्या आठवड्यात तिने घरातलं एकूण एक भांडं घासलं, कपाटं रिकामी केली, फळ्यांवरचे जुने कागद फाडून नवे घातले आणि लाकडी पळी फेकून दिली, कारण लाकडात काय मुरलेलं असेल ते सांगता येत नाही. रविवारी मुंगी जेवायला येणार होती.

मुंगी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. वय चार, एका जागी ठरत नाही म्हणून मुंगी. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दाण्याचा कण पोटात गेला तर तिचा घसा सुजतो आणि श्वास अडतो. हे आम्हाला कळलं तेच मुळी आमच्या स्वयंपाकघरात, गेल्या वर्षी. आईने तिला डब्यातलं बिस्किट दिलं आणि त्या डब्यात कधीतरी कुटाचा चमचा पडला होता. तेव्हापासून वहिनीने मुलीला आमच्याकडे पाण्याचा घोटही घेऊ दिला नव्हता. भेटायचं ते बागेत. नातीला हातावर काही ठेवता येत नाही म्हणून आई बाकावर बसून घसरगुंडीचं कौतुक करत राहायची. मला ते बघवत नसे.

वहिनी बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावते. तिची पाळी बदलली आणि शाळा सुटल्यावर मुंगीला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. "एकदा जेवून बघू," ती फोनवर आईला म्हणाली. "नीट पार पडलं तर दुपारी तुमच्याकडे ठेवीन. नाहीतर पाळणाघर बघून ठेवलंय मी." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला त्याचाच राग आला. आईने मात्र फोन ठेवला आणि लगेच पातेली काढली.

आता कुटाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दाण्याचं कूट हा जिन्नस कुणी जिन्नस म्हणून धरतच नाही. रस्सा पातळ झाला, घाला मूठभर. तिखट झाला, घाला मूठभर. पाहुणा वाढला तर दोन मुठी. याला आमच्या घरात शब्द आहे, हात देणे. 'रश्श्याला हात दे' म्हणजे कूट घाल. जगात याचा अर्थ वेगळा असतो हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी शेजारच्या काकू कपाट सरकवताना "जरा हात दे गं" म्हणाल्या तेव्हा मी कुटाची बरणी घेऊन धावले होते. काकू अजून हसतात.

शनिवारी आईने ती बरणी बाबांच्या हातात दिली. अन्न फेकायचं तिच्या जिवावर येतं. "माझ्या नजरेआड ठेवा कुठेतरी," ती म्हणाली. बाबा जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांनी बरणी बाल्कनीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, कडी लावली आणि पुटपुटले, "एवढंसं पोर, आणि सगळं घर धाकात."

"बाबा, उद्या असलं काही बोलायचं नाही," मी बजावलं.

"मी काय बोलतोय? मी गप्पच असतो."

रविवारी भात झाला, भोपळ्याचा रस्सा मंद आचेवर उकळत होता. आई सारखी घड्याळाकडे बघत होती आणि मी तिच्यावर खेकसत होते. दादाची गाडी खाली लागली तशी तिच्यातून मुंगीची उंच खुर्ची काढायला मी खाली गेले. मी खुर्ची घेऊन जिन्यात असतानाच दादा, वहिनी आणि मुंगी वर पोचले होते आणि घंटा वाजली होती. घरात तेवढ्यात काय झालं ते मला नंतर कळलं.

जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर वहिनीने पर्समधून एक जाडसर पेनासारखं इंजेक्शन काढलं आणि मिठाच्या शेजारी ठेवलं. मुंगीला काही झालंच तर ते मांडीत टोचायचं असतं. दादा बायकोकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होता. दोघींच्या मध्ये सापडला की तो नेहमी असाच मुका होतो.

"आई, यात काय काय आहे?" वहिनीने विचारलं.

"भोपळा, बटाटा, कांदा, मीठ, थोडं तिखट. तेल नवीन, बाटली आजच फोडली. पातेलंही नवीन."

"आणि?"

"आणि काही नाही गं."

वहिनीने मान हलवली. भातावर रस्सा घेतला आणि घास कालवायला लागली. मुंगी खुर्चीत पाय हलवत "मोठा घास, मोठा घास" म्हणत होती. आईच्या तोंडावर वर्षभरात न दिसलेलं हसू आलं. मला वाटलं, जमलं बुवा.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर धूळ शोधायची, हेच काम. त्यामुळे बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा त्यांच्या बाहीच्या कडेवर मला ती दिसली. पिवळट, तेलकट, जाडसर पूड. मी बाल्कनीकडे पाहिलं. हत्यारांच्या पेटीची कडी उघडी होती.

वहिनी घासावर फुंकर घालत होती. ओरडावं, तर आज इथेच सगळं संपलं. मुंगी या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही आणि आई मरेपर्यंत बागेतल्या बाकावर बसणार. त्यापेक्षा धक्का लागल्यासारखं करून ताट आणि पातेलं दोन्ही उलटवायचं. वेंधळी म्हणून शिव्या खाईन, पण पोरही वाचेल आणि आईही. एवढा विचार एका श्वासात झाला, आणि मी कोपर पुढे सरकवलंदेखील.

पण आमच्याकडे चाखल्याशिवाय वाढायचं नाही हा एक नियम आहे. आईने घंटेआधी एकदा चाखलं होतं. आता वहिनीला दिसावं म्हणून, मुद्दाम सगळ्यांदेखत, तिने त्याच पातेल्यातला चमचाभर रस्सा तोंडात घातला.

"थांब!" ती इतक्या जोरात ओरडली की मुंगीने उघडलेलं तोंड मिटलं. "देऊ नकोस तिला. यात दाणे आहेत."

वहिनीच्या हातातला घास ताटात पडला. तिने मुंगीला खुर्चीतून उचललं, उजेडात नेलं, ओठ पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली. "लागलं का गं तोंडाला? लागलं?" मुंगी रडायला लागली. दादाने ते पेन उचलून मुठीत धरलं. वहिनीने स्वतःचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि मुलीचा शर्ट उतरवला. आम्ही सगळे उभे राहून त्या एवढ्याशा तोंडाकडे बघत होतो. ते फुगलं नाही, लाल झालं नाही. रडून झाल्यावर तिने पाणी मागितलं, तेही त्यांच्याच बाटलीतलं दिलं.

"कुणी घातलं?" मग दादाने विचारलं.

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तूच म्हणालीस ना," ते आईला म्हणाले. "घंटा वाजली तेव्हा. रश्श्याला हात द्या म्हणालीस."

"ढवळा म्हणाले हो मी! खाली लागू नये म्हणून!"

"तू हात द्या म्हणालीस." त्यांनी उजवी मूठ उघडून दाखवली. "इतकी वर्षं तू म्हणतेस आणि मी घालतो. मध्ये डोकं येतंय कुठे?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडवेना. कालच त्यांना गप्प राहा म्हणून मीच सांगितलं होतं, आणि ते गप्प राहून मूठ घालून मोकळे झाले होते. दादा म्हणाला, "नशीब म्हणायचं." आई खाली बसत म्हणाली, "नशीब कसलं? जीभ आहे माझी."

कुणी हसलं नाही. वहिनीने पर्स खांद्याला लावली, मुंगीला कडेवर घेतलं आणि दाराकडे गेली. आई उठलीच नाही. तिने रश्श्याचं पातेलं जवळ ओढून त्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात ठेवून बसली.

दाराशी वहिनीने चपलेत एक पाय घातला आणि थांबली.

"मागच्या वर्षी हिचे ओठ सुजत होते," ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली, "आणि तुम्ही सगळे 'काही नाही, काही नाही' म्हणत होतात. गाडीत बसेपर्यंत. एकानेही म्हटलं नाही की आमच्याकडून चूक झाली. मला बिस्किटाचा राग नव्हता, आई. त्या 'काही नाही'चा होता."

मी माझ्या कोपराकडे बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

वहिनी परत आली. मुंगीला माझ्या मांडीवर ठेवलं. पर्समधून तिने दुसरं पेन काढलं, तसंच, पण फिकट रंगाचं. "हे सरावाचं आहे. यात सुई नाही. पाळणाघरातल्या बाईंना शिकवायला आणलं होतं." ती आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "बरणी आजच घराबाहेर जाईल. पेटीत नाही, घराबाहेर."

"आत्ता जातो," बाबा म्हणाले, पण हलले नाहीत.

"आणि हे तुम्हाला आलं पाहिजे. हिच्या बाबतीत पुन्हा काही झालं तर मला फोन नंतर, हे आधी." तिने स्वतःचा तळवा पुढे केला. "आई, हात द्या."

बाबा दचकून पातेल्यापासून मागे सरले. आईने झाकणावरचा हात उचलला, पदराला पुसला, पुन्हा पुसला आणि वहिनीच्या हातात दिला.