बाबाच्या यंत्राचं पाणी

"बाबा, झोपताना श्वासाच्या यंत्राचा तो नळीवाला मुखवटा लावून तू हत्तीसारखी सोंड हलवतोस का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून डेल्फिनाने जेवताना विचारलंच.

"हत्तीने सोंड काढून ठेवली, बाई," बाबा हसला. "यंत्रातल्या पाण्याच्या भांड्यात पांढरा थर साचलाय, वाफच येत नाही. या टूसॉनच्या वाळवंटातली कोरडी हवा नुसती आत गेली, की नाकातून रक्त येतं."

"आणि यंत्राशिवाय झोपेत याचा श्वास अडकतो," आई म्हणाली. "मी आपली जागीच!"

डेल्फिनाने हातातला घास ताटात परत ठेवला. यंत्राचं डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी तिने आपल्या झग्यासाठी वाफेच्या इस्त्रीत संपवलं होतं आणि कळू नये म्हणून बाटलीत नळाचं क्षारांचं पाणी भरून ठेवलं होतं.

"यंत्र बिघडलेलं नाही. बाटलीत नळाचं पाणी मी भरलं," ती कशीबशी म्हणाली. "भांडं आत्ता घासते, नवी बाटली आणते. आणि आजपासून ते यंत्र सांभाळायचं काम माझं!"